रानातली मोडती वाट

रत्नागिरीच्या रानात वाट सुरू होते ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी खळ्याच्या कडेनं. एसटीच्या शेवटच्या थांब्याशी डांबर संपतं. पुढे चार घरं, त्यांतल्या एखाद्याला कुलूप, मग सारवलेलं खळं, तुळस, दोन-तीन पोफळी आणि त्यांच्यामागे जांभ्याच्या गडग्यात बसवलेलं बेडं. बेड्याचे आडवे बांबू एकेक करून सरकवायचे, सायकल आत घ्यायची, बांबू पुन्हा होते तसे लावायचे. इथून पुढे रान. पाटी नाही, बाण नाही, किलोमीटरचा दगड नाही. दोन वितींची लाल मातीची पट्टी करवंदीच्या जाळीमागे वळते आणि दिसेनाशी होते. वाटेची निशाणी म्हणाल तर एवढीच.

या वाटांवर मी सायकल चालवते. जाड दातांचे टायर, पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक अशी साधी एमटीबी, डोंगरी सायकल. डांबरी रस्त्यावर ती मंद वाटते, तिचा जीव रानात रमतो. शहरातून पहाटे निघालं की उजाडता उजाडता निवळी, करबुडे, उक्षी, जांभरुण या पट्ट्यात पोचता येतं, आणि तिथून पुढे कुठल्याही वाडीच्या मागच्या अंगानं वर चढलं तरी चालतं. एक वाट धरली की दिवस पुरत नाही.

आमचा जिल्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहिला तर त्याची चाल एकच आहे. खाडी, चढण, सडा, उतरण, पुन्हा खाडी. सावित्रीच्या मुखापासून विजयदुर्गच्या खाडीपर्यंत हेच. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांनी सड्यांचे असे तुकडे पाडलेत. गाव खाली, पाण्याच्या आणि माडांच्या आसऱ्याला. सडा, म्हणजे कातळाचं पठार, वर, उघडा, वाऱ्याचा. मधल्या उतारावर रान. वाटांचं सगळं जाळं या तीन थरांना सांधणारं. गवत कापायला वर जाणाऱ्या बाया, गुरं घेऊन गेलेला गुराखी, पलीकडच्या गावच्या शाळेत जाणारी पोरं, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वरच्या वाड्यांत येणारी खाडीवरची बाई, माहेरी निघालेली सासुरवाशीण, सगळी याच वाटांनी गेली. कुणी आखून दिल्या नव्हत्या. ज्याला जिकडे काम होतं तो तिकडे गेला, आणि जायला सोपं पडलं तिथे वाट पडली.

सड्यावर चाक चढलं की आधी आवाज बदलतो. मातीत टायर मुका असतो, कातळावर तो बोलायला लागतो. जांभ्याची झीज होऊन सुटलेले मोहरीएवढे, वाटाण्याएवढे तांबडे गोळे सगळीकडे पसरलेले असतात आणि चाकाखाली लाह्या फुटाव्यात तसे तडतडतात. याच गोळ्यांवर वळण घेताना पुढचं चाक निसटतं. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. टायरमधली हवा रस्त्यावर ठेवतो त्याहून कमी ठेवायची, म्हणजे रबर दगडाला धरतं. आणि नजर चाकापुढच्या हातभर जमिनीवर न ठेवता, जिथे पोचायचं तिथे ठेवायची. सायकल नजरेमागून जाते.

हा दगडही विलक्षण आहे. खालच्या काळ्या बेसॉल्टवर युगानुयुगं पाऊस आणि उष्मा झाला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा तांबडा, सच्छिद्र जांभा झाला. जमिनीत असतो तोवर मऊ, करवतीनं कापावा इतका. हवा लागली की वर्षागणिक कडक होत जातो. आमची घरं, देवळं, विहिरी, गडगे, पाखाड्या सगळं त्याचंच. पावसाळ्यात हाच सडा वेगळा होतो. खळग्याखळग्यांत पाणी साठतं, बेडूक ओरडतात, भाद्रपदात सीतेची आसवं निळी-जांभळी फुलतात, गेंदाचे पांढरे गोंडे वाऱ्यावर डुलतात, सोनकी पिवळी होते. त्या दिवसांत मी सायकल सड्याच्या कडेला उभी करते आणि पायी फिरते. कातळावर बोटभर माती धरून ही फुलं उभी असतात. एका चाकाच्या पट्ट्यानं ती माती सुटते आणि पुढच्या पावसात वाहून जाते.

करबुडे आणि उक्षीच्या मधल्या उंचवट्यावर थांबलं की पूर्वेला सह्याद्रीची निळी रेघ दिसते. पायाखालच्या डोंगराच्या पोटातून करबुड्याचा बोगदा गेला आहे, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. २६ जानेवारी १९९८ पासून या रेल्वेमार्गावर सलग गाड्या धावू लागल्या. उक्षी स्टेशनाच्या बाजूनं शिट्टी ऐकू येते, मग डोंगर ती गिळून टाकतो आणि वर फक्त चंडोलाचं गाणं उरतं. ज्यांच्या पायांनी वरच्या वाटा पडल्या, त्यांची नातवंडं आता खालून मुंबईला जातात. मला या गोष्टीचा राग येत नाही. पोटासाठी माणूस जातोच, आमच्याकडून तर पिढ्यान् पिढ्या जात आला आहे. पण वर उभं राहून खालची शिट्टी ऐकताना वाटेचं काय होतं आहे ते मला स्पष्ट कळतं.

पाट्या नसल्या तरी रानात वाचायला पुष्कळ असतं. वाटांच्याही जाती असतात आणि सायकलवर बसणाऱ्याला त्या ओळखाव्याच लागतात, कारण चुकीच्या वाटेनं उतरलेला डोंगर सायकल खांद्यावर घेऊन पुन्हा चढावा लागतो.

गुरांची वाट चढ कधी सरळ घेत नाही. ती डोंगराला तिरकी लागते, चढाची धार मोडून घेते. सायकलला याहून चांगली वाट नाही, कारण गुरालाही दम लागतो आणि चाकालाही. पण ती पाण्याकडे किंवा सावलीकडे जाते, आणि चरायचं रान आलं की तिला दहा फाटे फुटून ती विरून जाते. माणसाच्या वाटेला फाटे फुटले तरी ते पुढे पुन्हा एक होतात, आणि शेवटी ती कुठल्या तरी घराला, देवळाला किंवा ओढ्यावरच्या साकवाला मिळते. लाकूडतोड्याची वाट सुरुवातीला सगळ्यांत रुंद, फसवी. तिच्यावरून ओंडके ओढलेले असतात, कडेची झुडपं मोडलेली असतात, आणि ती एखाद्या तोडलेल्या किंजळीच्या बुंध्याशी अचानक संपते. रानडुकराची वाट गुडघ्याएवढ्या उंचीची, खाली अगदी साफ आणि वर जाळी मिटलेली. तिच्यात शिरायचं नाही.

दगडही बोलतात. कितीतरी पिढ्यांच्या तळव्यांनी घासलेला जांभा काळपट आणि गुळगुळीत होतो, कुणी पाऊल न ठेवलेला लाल आणि खरखरीत राहतो. पानांच्या थराखाली वाट लपली की मी पायानं पानं बाजूला सारून दगड बघते. गुळगुळीत लागला की खात्री पटते. फाट्यावर कुणी गडग्याच्या कडेला तीन दगड एकावर एक ठेवलेले असतात. कुठे पाल्याचा एक टाळा मोडून वाकवलेला, अजून हिरवा असला तर आजच कुणी तरी पुढे गेलं आहे. खिंडीत वाघजाईचं ठाणं असतं. तिथे येणाजाणाऱ्यानं वाहिलेले पाल्याचे टाळे, दगड, एखादी बांगडी. ठाण्यावरचा पाला वाळून कोळ झाला असेल तर समजावं, या खिंडीतून बरेच दिवस कुणी गेलेलं नाही. मीही एक टाळा ठेवते. मागून येणाऱ्याला तेवढाच आधार.

उक्षीच्या वरच्या अंगाला एका म्हाताऱ्या गुराख्याची गाठ पडली होती. डोक्याला टॉवेल, कमरेच्या आकडीत कोयती, पुढे चार म्हशी. सायकल बघून तो थांबला.

"कुटं चाललीस गो बाय?"

"खाली पऱ्याकडे, काका. पलीकडच्या वाडीत उतरायचंय. वाट आहे ना?"

"वाट हाय. पन आता तिच्यात कोन जातंय?"

मग त्यानं वाट सांगितली. पडक्या गोठ्यावरून डावीकडे, फणसाशी वळ, पऱ्या उजव्या हाताला ठेव, साकव आला की आलीस. त्यानं बोटानं दाखवलं तिकडे गोठा नव्हता, फक्त चौथऱ्याचे दगड होते आणि त्यांत वाढलेली घाणेरी. फणसही उभा नव्हता. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं किनाऱ्याला झोडपलं त्यात तो आडवा झाला असं त्यानंच मागाहून सांगितलं. तरीही त्याच्या दृष्टीनं वळायचं ते फणसाशीच. मी उतरले, आणि फणस जिथे असायला हवा होता तिथे वाट खरोखरच वळली. कुजत चाललेला बुंधा आडवा पडला होता, त्याला वळसा घालून पुढे पऱ्याच्या पाण्याचा आवाज आला. नकाशावर यातलं काही नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशांवर आमच्या पायवाटा तुटक रेषांनी काढलेल्या आहेत, पण त्यातल्या कितीतरी आता जमिनीवर नाहीत. मोबाइलवरच्या नकाशात तर रस्त्यापलीकडचा सगळा भाग नुसता हिरवा दिसतो. खरा नकाशा त्या काकांच्या डोक्यात होता, आणि त्यांच्या वाडीत तो दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

सड्यावरून गावात उतरणारी पाखाडी ही या सगळ्या वाटांतली राणी. दोन्ही बाजूंना छातीएवढे गडगे, मध्ये जांभ्याचे चिरे बसवलेल्या लांब-लांब पायऱ्या. या पायऱ्यांची उंची कमी आणि रुंदी जास्त असते. डोक्यावर भाताचा भारा घेतलेल्या बाईला पायाखाली न बघता उतरता यावं अशा बेतानं त्या बसवलेल्या आहेत. चाकालाही ते माप बरोबर जुळतं. सीट खाली करायची, अंग मागे न्यायचं, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायचे आणि हात सैल सोडायचे. पुढचं चाक एका पायरीवरून उतरतं, मागचं तिच्यावर येतं, तोवर पुढचं दुसरीशी पोचलेलं असतं. दोन-चार पायऱ्यांत लय सापडते आणि मग उतरायचं ते त्या लयीत. पायरीच्या मधोमध पावलांनी पडलेला खळगा असतो, चाक आपोआप त्याच्यात जातं. कुणाकुणाच्या टाचांनी घासलेल्या खोबणीतून आपण उतरतो आहोत हे त्या क्षणी अंगाला कळतं. अलीकडे पुष्कळ पाखाड्यांवर सिमेंट घातलं गेलं. म्हाताऱ्या माणसांची सोय झाली असेल, पण पावसात त्या कोब्यावर जे शेवाळ धरतं त्यावर पाय ठरत नाही, आणि खाली दबलेला जांभा पुन्हा कुणाला दिसत नाही.

पाखाडी सोडून आडरानात शिरलं की ऐन, किंजळ, कुंभा, हेळा, जांभूळ, रातांबा, मध्येच सातवीण. फांद्या वर मिळतात आणि ऊन जमिनीवर तुकड्या-तुकड्यांनी पडतं. चालत्या सायकलवर हेच सगळ्यांत अवघड, कारण उन्हाचा कवडसा आणि पांढरा दगड यांतला फरक डोळ्यांना वेळेवर कळत नाही. मार्गशीर्षानंतर पानगळ सुरू होते आणि पानांखाली काय आहे ते चाक लागल्यावरच समजतं. दगडाच्या सांदीत फुरसं असतं, म्हणून थांबले तरी हात टेकायच्या आधी बघते. रातांब्याखाली पिकलेली फळं पडलेली असतात आणि टायर लालभडक होऊन निघतात. हेळ्याच्या उंच ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसते, नर दिवसभर फळं आणून चोचीनं भरवतो. त्याच्या पंखांचा आवाज झाडांच्या वरून येतो तेव्हा मी सायकल थांबवते. चाकाचा फ्री-व्हील टिकटिकत राहू नये म्हणून पेडल धरून ठेवते. असा मोठा हेळा एकदा तुटला की त्या जोडीला पुन्हा ढोल मिळायला कैक वर्षं लागतात. जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, बहुतेक रान खाजगी. रानाचा मालक मुंबईला, तोडीचा सौदा फोनवर.

देवराईच्या हद्दीशी मी सायकलवरून उतरते. तिथे चालवू नये असं कुणी मला सांगितलेलं नाही. पण ज्या रानातली वाळकी काटकीसुद्धा गावानं चुलीत घातली नाही तिथे टायर फिरवायला मन घेत नाही. आत हवा गार, जमीन मऊ, वेली हाताच्या मनगटाएवढ्या जाड. मध्ये कौलारू देऊळ, समोर दीपमाळ, मागे बारमाही झरा. आणि इथेच मला रानातली सर्वांत चांगली राखलेली वाट सापडली. पालखीची वाट.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते, सहाणेवर बसते आणि मग वाडी-वाडीतून, घरोघर जाते. तिच्या वाटा ठरलेल्या असतात. पालखी डांबरी रस्त्यानं सोयीनं नेत नाहीत, जुन्या वाटेनंच नेतात, कारण मान वाटेवरच्या घरांचा असतो, ओटी भरायला बायका जुन्या उंबऱ्याशी उभ्या असतात. म्हणून शिमग्याआधी गावकरी कोयते घेऊन जमतात आणि ती वाट साफ करतात. फांद्या छाटतात, ढासळलेला गडगा पुन्हा लावतात, साकवावर नवे वासे टाकतात. ढोलताशात, खांद्यावर देव नाचवत नेता यावा एवढी रुंदी ठेवतात. मी फाल्गुन पौर्णिमेनंतरच्या आठवड्यांत ज्या वाटांनी गेले त्यांच्यावर एकदाही उतरून सायकल ढकलावी लागली नाही. वळणावर गुलाल पडलेला, गडग्यावर अबीर, झेंडूची सुकी पाकळी. गावची वस्ती कितीही उतरली तरी देव त्याच वाटेनं चालतो, म्हणून ती वाट अजून शाबूत आहे. बाकीच्यांना असा कुणी राखणारा नाही.

या बाकीच्या वाटा मोडतात. दोन पावसाळे कुणी गेलं नाही की रानमोडी उगवते. अमेरिकेतून आलेलं हे झुडूप मोकळी जागा दिसली की घुसतं आणि पुरुषभर उंच होऊन दोन्ही बाजूंनी वाटेवर मिटतं. तिसऱ्या वर्षी त्यातून चिल्हार वर चढते, आणि चिल्हारीचा उलटा काटा एकदा कपड्यात अडकला की पुढेही जाता येत नाही आणि मागेही. गुरं कमी झाली, गोठे रिकामे झाले. पलीकडच्या गावची शाळा पटाअभावी बंद झाली की पोरांची वाट त्याच वर्षी संपते. पायांनी पडलेली वाट पाय थांबले की थांबते, इतकं साधं आहे.

वाट सगळ्यांत स्पष्ट कधी दिसते हे सांगायला मला जड जातं. वणव्यानंतर. माघ-फाल्गुनात सड्यांवरचं वाळकं गवत पेटतं. कुणी बागेभोवती पट्टा जाळायला जातो आणि आग हाताबाहेर जाते, कुणी विडी टाकतो, कुणी मुद्दाम लावतो. दुसऱ्या दिवशी अख्खा सडा काळा ठिक्कर आणि त्याच्यावर वाटा लाल रेघांनी उमटलेल्या, कारण तुडवलेल्या जमिनीवर जळायला गवतच नव्हतं. गुरांच्या, माणसांच्या, विसरलेल्या, सगळ्या वाटा एकदम नजरेला पडतात. मी अशा सड्यावर उभी राहिले आहे. होरपळलेल्या टिटवीच्या अंड्यांजवळ ती टिटवी ओरडत फिरत होती. वाटा इतक्या ठळक दिसण्यापेक्षा गवतात हरवलेल्या बऱ्या.

चिरेखाणीचंही बोलायला हवं. सड्यावरून छान वेगात जावं आणि समोर जमीनच नसावी. यंत्रानं कापलेले सरळ उभे काठ, पंधरा-वीस फूट खोल, वर कठडा नाही, आत हिरवं पाणी. खाणीच्या अलीकडे वाट, पलीकडे तीच वाट, मध्ये पोकळी. घरं बांधायला चिरा लागतो हे मला मान्य आहे, माझं स्वतःचं घर चिऱ्याचंच आहे. पण काम संपलेली खाण कठडा न घालता सोडून देणं हा गुन्हाच आहे असं मी म्हणेन. गुरं पडतात, रात्री माणसं पडतात. म्हणून अनोळखी सड्यावर वेग नाही, संध्याकाळ झाल्यावर तर नाहीच.

आणि कातळशिल्पं. उक्षीला जांभ्यावर कोरलेला भला मोठा हत्ती आहे, गावानं त्याच्याभोवती गडगा घालून तो जपला आहे. जांभरुणला एका सड्यावर प्राण्यांची, माशांची, माणसांची दाटी आहे. देऊडला एकशिंगी गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेही नाही. राजापूर तालुक्यात कशेळीचा हत्ती तर सुमारे अठरा मीटर लांब. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घालून ही शिल्पं उजेडात आणली, आणि २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. गुराखी त्यांच्यावर बसून भाकरी खात आले होते, त्यांना ती ठाऊकच होती. ही कोरीव रेघ इंच-दोन इंच खोल असते, मातीनं भरलेली असते, तिरकं ऊन असेल तरच दिसते. दुपारी बारा वाजता सायकलवरून जाणाऱ्याला ती दिसणारच नाही, आणि चाकाच्या दातांनी तिचा काठ ढासळेल. देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. जमिनीतल्या चुंबकीय गुणाचा तो परिणाम. माझ्या मोबाइलमधलं होकायंत्रही तिथे गोंधळलं, आणि मी सूर्य बघून परतीची दिशा धरली.

डोंगरात सायकल चालवायचा हा खेळ परदेशात तरी कुठे जुना आहे? १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅरीन परगण्यात काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावर शर्यत लावली. उतरता उतरता मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस तापून त्याचा धूर व्हायचा, दर खेपेला ते नव्यानं भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. पुढच्याच वर्षी जो ब्रीझनं खास या कामासाठी सायकल बांधली, १९८१ मध्ये स्टम्पजंपर ही डोंगरी सायकल बाजारात आली आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ शिरला. आपल्याकडे संगमनेरच्या प्रणिता सोमणनं यात देशात नाव काढलं. परदेशी आता वाटा मुद्दाम बांधतात, त्यांना रंग देतात. हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. फाट्याफाट्यावर खांब असतात.

आपल्याकडेही असं करावं, निदान दगडांवर रंगाचे बाण तरी मारावेत, असं सायकलवाली मित्रमंडळी म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे. माणूस हरवू नये, रात्र रानात काढायला लागू नये. तरीही मी याच्या विरुद्ध आहे. सड्यावरच्या कुठल्या दगडावर काय कोरलेलं आहे हे अजून पुरतं कळलेलं नाही, आणि ऑइलपेंट जांभ्याच्या छिद्रांत बसला की निघत नाही. वाट माणसाच्या मालकीच्या जमिनीतून जाते, बाण मारला की शंभर अनोळखी लोक कुणाच्या तरी काजूतून जाणार, आणि मालक उद्या तारेचं कुंपण घालणार. आणखी एक कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. बाण असला की कुणी कुणाला विचारत नाही. वाट विचारली की वाडीतली माणसं बोलतात, पाण्याचा तांब्या पुढे येतो, फणस कुठे होता ते कळतं. एप्रिलात हापूसच्या बागेतला नेपाळी राखणदार बॅटरी मारून "कौन है?" म्हणतो, त्याला नाव-गाव सांगितलं की तोच पुढची वाट दाखवतो. या बोलण्यातून ती वाट माणसांच्या आठवणीत राहते. रंगानं ती फक्त दगडावर राहील.

वाट राखायची तर तिच्यावरून गेलं पाहिजे, आणि जाताना थोडी साफ केली पाहिजे. माझ्या पाठीवरच्या पिशवीत पंक्चरच्या सामानाबरोबर घडीची करवत आणि कोयती असते. रानमोडी फुलायच्या आत, कार्तिकात, मुळातून उपटायची. नुसती छाटली तर चौपट फुटते. वाटेवर पाणी वाहायला लागलं असेल तर कडेला चर काढून ते बाजूला घालायचं, नाहीतर एका पावसात वाटेचा पऱ्या होतो. चिखलात चालवायचं नाही, ओल्या वाटेत चाकानं पडलेली चाकोरी पुढच्या पावसात घळ बनते. सह्याद्रीच्या माथ्याकडे व्याघ्र प्रकल्पाची हद्द लागते, २०१० साली झालेला कोयना-चांदोलीचा तो सगळा पट्टा. तिथे परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नाही.

चाकरमान्यांना माझं एक सांगणं आहे. गणपतीला, शिमग्याला गावी याल तेव्हा एक सकाळ मोकळी ठेवा. आजी-आजोबा ज्या वाटेनं शाळेत, बाजारात, माहेरी गेले ती विचारून घ्या, आणि मुलांना घेऊन त्या वाटेनं एकदा सड्यावर जाऊन या. सायकल हवीच असं नाही. सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे होईल. आणि सायकलवाल्यांनो, बेडं उघडलंत तर लावून घ्या, वाडीत विचारल्याशिवाय रानात शिरू नका, आणि कातळावर कोरल्यासारखी रेघ दिसली की खाली उतरा, सायकल उचला आणि लांबून वळसा घाला.